काळ्या आजाराच्या रुग्णाच्या अंगावर चट्टे दिसले तर: प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांसाठी तपासणीचा क्रम

‘त्वचेचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आलाय, कल्चर (परजीवी वाढवून पाहण्याची तपासणी) लावता येईल का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर पाठ झालंय: नाही. फॉर्मॅलिनमध्ये पडलेला काळ्या आजाराचा परजीवी, म्हणजे लीशमानिया, मेलेला असतो आणि त्याचा डीएनएही तुटायला लागलेला असतो, त्यामुळे पीसीआरचा, म्हणजे डीएनए शोधणाऱ्या तपासणीचा, भरवसाही कमी होतो. तोवर रुग्ण स्टेरॉइडचं मलम घेऊन घरी गेलेला असतो. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एचआयव्ही, अवयवरोपण, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड अशा कारणांनी प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाला काळा आजार (वाळूमाशीतून पसरणारा, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचणारा परजीवीचा संसर्ग) होतो, तेव्हा त्वचा पुस्तकातल्या चित्रासारखी वागत नाही. पण बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत. क्रम उलटा होतो, म्हणून होतात. त्वचा, मेडिसिन किंवा एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधं) विभागात काम करणारे डॉक्टर आणि स्लाइड बनवणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी तो क्रम इथे मांडतो आहे.

## १. त्वचेला हात लावण्याआधी: कालरेषा

एका कागदावर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर चार गोष्टींच्या तारखा टाका: काळा आजार झाला असल्यास तो कधी झाला आणि कोणतं औषध किती दिवस घेतलं, प्रतिकारशक्ती कशामुळे आणि कधीपासून उतरली, एआरटी कधी सुरू झाली किंवा स्टेरॉइड कधी कमी केलं, आणि पहिला चट्टा कधी दिसला. निम्मं निदान या रेघेवरच दिसतं. एआरटी सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी उठलेल्या पुळ्या आणि काळा आजार बरा होऊन तीन वर्षांनी आलेले फिकट डाग दिसायला सारखे असले तरी प्रश्न वेगळे आहेत.

प्रवासाची विचारपूस करताना ‘गेल्या वर्षी कुठे गेला होतात?’ असं विचारू नका. हा परजीवी शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो आणि प्रतिकारशक्ती घसरली की डोकं वर काढतो. त्यामुळे जन्मापासून कुठे कुठे राहिलात, असं विचारा. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, पूर्व उत्तर प्रदेश, नेपाळची तराई, बांगलादेश, सुदान, इथिओपिया, ब्राझील, आणि लोकांच्या ध्यानात न येणारा भूमध्य समुद्राचा काठ, म्हणजे स्पेन, इटली, दक्षिण फ्रान्स. भारतीय उपखंडात आणि पूर्व आफ्रिकेत लीशमानिया डोनोव्हानी असतो. भूमध्य प्रदेशात आणि लॅटिन अमेरिकेत लीशमानिया इन्फॅन्टम. प्रकार कळला तर पुढे औषधाचा निर्णय सोपा जातो.

टीएनएफरोधक (दाह दाबणारी) इंजेक्शनं, मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांबद्दल नाव घेऊन विचारा. रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती ‘सांध्याची औषधं’ असतात.

तपासा: काळा आजार असलेल्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी झाली आहे का? प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्यांचे आकडे हातात आहेत का? या आजारात वाढलेल्या प्लीहेमुळे आणि अस्थिमज्जेवरच्या ताणामुळे रक्तातल्या तिन्ही पेशी उतरलेल्या असू शकतात.

## २. सगळं अंग, उजेडात

चेहरा आणि हात बघून थांबणं ही नेहमीची चूक. कपडे उतरवून, दिवसाच्या उजेडात, डोक्यापासून तळपायापर्यंत पाहा. तोंडाच्या आत, नाकपुड्यांत, कानाच्या पाळ्यांवर आणि जननेंद्रियांवर पाहायला विसरू नका. जुने व्रण आणि गोंदण हीही बघायची ठिकाणं आहेत.

काय दिसू शकतं?

काळा आजार बरा झाल्यावर येणारा त्वचेचा प्रकार, म्हणजे पीकेडीएल, बहुधा तोंड, हनुवटी आणि नाकाभोवती सुरू होतो. आधी फिकट डाग येतात, मग पुळ्या, मग गाठी. काहींच्या अंगावर तिन्ही एकत्र असतात. भारतीय उपखंडात तो साधारण ५ ते १० टक्के रुग्णांना होतो आणि बहुधा दोन-तीन वर्षांनी दिसतो. सुदानमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांना होतो आणि पहिल्या सहा महिन्यांतच उमटतो.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ही चौकट मोडते. ताप, मोठी प्लीहा आणि अंगभर पुळ्या हे सगळं एकाच वेळी असू शकतं. म्हणजे ‘काळा आजार बरा झाल्यानंतर’ हा शब्दच लागू पडत नाही. व्रण पडतात, खपल्या धरतात, नाकातोंडाची अंतस्त्वचा सुजते. कधी सोरायसिससारखे पापुद्रे दिसतात.

कापसाचा पीळ घेऊन चट्ट्यावरची संवेदना तपासा. कोपरामागची आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची मज्जातंतूची दोरी बोटांनी चाचपा. पीकेडीएलमध्ये स्पर्श कळतो आणि मज्जातंतू जाड होत नाहीत. चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाचा विचार आधी करा. आणि एकाच माणसाला दोन्ही रोग असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

प्रत्येक प्रकारच्या चट्ट्याचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. शरीराच्या रेखाचित्रावर खुणा करा. आज हे काम वेळखाऊ वाटेल. सहा महिन्यांनी ‘बरं झालंय की नाही’ या वादात तेच कामी येईल.

सावधान: निदान हाती येण्याआधी स्टेरॉइडचं मलम देऊ नका. खाज कमी होते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि सूक्ष्मदर्शकाखालची दाहाची खूणही पुसट होते.

## ३. डब्या आधी, सुरी नंतर

हा टप्पा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वगळला जाणारा. टेबलावर नमुन्याच्या डब्या मांडल्याशिवाय भूल देऊ नका.

१. स्वच्छ काचपट्ट्या, निदान चार.
२. फॉर्मॅलिनची बाटली: ऊतितपासणीसाठी.
३. शुद्ध इथेनॉलची किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या बफरची लहान नळी: पीसीआरसाठी.
४. निर्जंतुक नळी, कल्चरसाठी. तिच्यात परजीवीचं माध्यम किंवा परिरक्षक नसलेलं निर्जंतुक सलाइन.
५. वेगळी निर्जंतुक नळी: बुरशी, जीवाणू आणि क्षयाच्या जंतूंच्या कल्चरसाठी. प्रतिकारशक्ती कमी असेल तर ही ऐच्छिक नाही.

प्रत्येक डबीवर रुग्णाचं नाव, जागा आणि तारीख आधीच लिहा. मी एकदा ‘तुकडा घेऊन मग लिहू’ म्हटलं आणि गालाचा नमुना कोणता नि पाठीचा कोणता, हे संध्याकाळी कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून लेबल आधी.

प्रयोगशाळेला आधी फोन करा. कल्चरचा नमुना शनिवारी दुपारी पाठवून उपयोग नसतो.

## ४. कापी देऊन स्लाइड

कुष्ठरोगाची स्लाइड घेता येणाऱ्याला ही घेता येते, हात तोच.

गाठ असेल तर गाठ निवडा. फिकट सपाट डागात परजीवी फार विरळ असतात आणि स्लाइड कोरी येणं नेहमीचं आहे. व्रण असेल तर त्याचा उचललेला, ताजा काठ घ्या; मधला पिवळा थर खरवडलात तर पू आणि जीवाणूच दिसतील.

त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. कल्चर लावायचं असेल तर आयोडीन वापरू नका, ते परजीवीची वाढ रोखतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्वचा पांढरी पडेपर्यंत घट्ट धरा. चिमूट सोडायची नाही. रक्त आलं की स्लाइड बिघडली. साधारण पाच मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर खोल कापी द्या, पातं काटकोनात फिरवा आणि आतल्या दोन्ही कडा खरवडा. पात्यावर आलेला ओला रस काचेवर पातळ, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान वर्तुळात पसरवा.

हवेत वाळवा. आच लावू नका. तीन ते पाच मिनिटं मिथेनॉलमध्ये बुडवून पक्की करा आणि मग गीम्सा रंग द्या: दहा टक्के द्रावण, वीस ते तीस मिनिटं, पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास. नळाचं आम्लधर्मी पाणी वापरलं की सगळं गुलाबी दिसतं आणि केंद्रकं ओळखू येत नाहीत. तंत्रज्ञ रंगाला दोष देतात, दोष पाण्याचा असतो.

तपासा: स्लाइडवर लाल पेशींची गर्दी आहे का? असेल तर तो रक्ताचा नमुना झाला. दुसऱ्या जागेवरून पुन्हा घ्या.

## ५. पंच बायोप्सी

चार मिलिमीटरचा पंच पुरतो. एकाच जातीचे चट्टे असतील तर एका ठिकाणाहून. दोन वेगळ्या जाती दिसत असतील, समजा जांभळट गाठ आणि फिकट पुळी, तर दोन्हींतून वेगळे तुकडे घ्या. कपोसी सार्कोमाच्या (एचआयव्हीत दिसणाऱ्या एका कर्करोगाच्या) गाठीत लीशमानियाही सापडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे एका तुकड्यावर दोन्हींचा निकाल लावू नका.

तुकडा निघाल्यावर निर्जंतुक पात्याने उभा कापा. फॉर्मॅलिन सोडून बाकीच्या नळ्या आधी भरा. नंतर कापलेली ओली बाजू काचेवर हलकेच टेकवून दोन-तीन ठसे घ्या. बायोप्सीचा अहवाल येण्याआधी, त्याच दिवशी, हे ठसे उत्तर देऊ शकतात. अगदी शेवटी फॉर्मॅलिन. हा क्रम पाळला की फॉर्मॅलिनच्या चिमट्याने कल्चरच्या नळीला हात लावण्याचा अपघात होत नाही.

प्लेटलेट कमी असल्या तरी त्वचेच्या लहान तुकड्याचा रक्तस्राव दाबून ठेवून आणि एक टाका घालून बहुधा थांबतो. प्लीहेतून सुई घालण्याचं तसं नाही. तिथे आकडे कमी असतील तर हात आखडता घ्यावाच लागतो.

## ६. सूक्ष्मदर्शकाखाली

शंभराच्या तेलभिंगाखाली दोन ते चार मायक्रॉनचे गोल किंवा अंडाकृती ठिपके शोधायचे: भक्षक पेशींच्या पोटात किंवा पेशी फुटली असेल तर बाहेर सांडलेले. प्रत्येकात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: गोल केंद्रक आणि त्याच्या जवळ काडीसारखा गडद कायनेटोप्लास्ट. काडी दिसली नाही तर लीशमानिया लिहू नका.

हे इतकं ठासून सांगतोय याचं कारण हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी. आकार तोच, तोही भक्षक पेशीत, तोही एचआयव्हीच्या रुग्णांत, तोही ताप आणि मोठी प्लीहा घेऊन येतो. त्याला काडी नसते, अंकुर फुटलेला दिसू शकतो, आणि पीएएस किंवा चांदीच्या रंगाने तो उजळतो. लीशमानिया या रंगांनी उजळत नाही. शंका असेल तर दोन्ही रंग करून घ्या.

## ७. गुन्हेगार की प्रवासी?

इथे वेग कमी करा, कारण इथेच सर्वांत मोठी गल्लत होते.

एचआयव्हीच्या ज्या रुग्णांना काळा आजार आहे, त्यांच्या रक्तातून परजीवी सगळीकडे फिरत असतो. त्यामुळे तो निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही सापडलेला आहे. नागिणीच्या पुरळात, गोंदणात, कपोसीच्या गाठीतही. म्हणजे चट्ट्यात परजीवी दिसला, याचा अर्थ चट्टा परजीवीने केला असा होत नाही. उलट बाजूने, असा प्रवासी परजीवी दिसणं म्हणजेच तो आत पसरला असल्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी डोक्यात ठेवायची.

मी स्वतःला हे प्रश्न विचारतो. परजीवी किती आहेत: शेतात एखादं झुडूप की दाट रान? त्यांच्याभोवती दाह आहे, की शांत त्वचेत एखादाच बसलाय? चट्ट्याचं रूप दुसऱ्या कुठल्या रोगाने पूर्ण समजावता येतं का? जांभळट गाठ असेल तर मानवी हर्पिस विषाणू ८ साठीचा विशेष रंग केला का? बेंबीसारखा खड्डा असलेल्या पुळ्या असतील तर क्रिप्टोकोकस या बुरशीचं प्रतिजन रक्तात तपासलं का? तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर सिफिलिसची तपासणी झाली का?

दोन रोग सापडले तर दोन्हींवर उपचार करायचे. एक सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवायचा नाही. सगळं एकाच निदानात बसवण्याची सवय आपल्याला लागलेली असते. सीडी४ (प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या रक्तपेशींची संख्या) पन्नास असलेल्या रुग्णासमोर ती सोडावी लागते.

उलटी चूकही तितकीच होते. सपाट डागाची स्लाइड कोरी आली, फाइल बंद. अशा डागांत पीसीआर स्लाइडपेक्षा कितीतरी जास्त पकडतो. इतिहास जुळत असेल तर कोरी स्लाइड ‘नाही’ म्हणत नाही, ‘दिसलं नाही’ एवढंच म्हणते.

## ८. त्वचेवरून आत

त्वचेत परजीवी मिळाला की अस्थिमज्जेची तपासणी, रक्ताचा पीसीआर आणि पोटाची सोनोग्राफी यांचा विचार लगेच करा. ताप नाही, प्लीहा हाताला लागत नाही, म्हणून सोडू नका. एचआयव्हीत प्लीहा न वाढताही काळा आजार असू शकतो आणि परजीवी आतडं, फुप्फुस अशा अनपेक्षित जागी निघतो.

आरके३९ पट्टीबद्दल (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी झटपट चाचणी) दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एचआयव्हीच्या रुग्णांत प्रतिपिंडं कमी बनतात, त्यामुळे पट्टी नकारात्मक आली तरी रोग असू शकतो. आणि पूर्वी काळा आजार झालेल्याची पट्टी बरं झाल्यावरही अनेक वर्षं सकारात्मक राहते, म्हणून ती आजार उलटल्याचा पुरावा नाही.

## ९. उपचार: त्वचेचा नव्हे, रुग्णाचा

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या पीकेडीएलच्या रुग्णाला भारतात मिल्टेफोसिन १२ आठवडे देतात. तोच आराखडा एचआयव्हीच्या, तापाने फणफणलेल्या रुग्णाला लावणं चूक. आत काळा आजार असेल तर उपचार त्याचाच करायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार, दक्षिण-पूर्व आशियात एचआयव्हीसह काळा आजार असेल तर लिपोसोमल अँफोटेरिसिन-बी एकूण ३० मिलिग्रॅम प्रति किलो (५ मिलिग्रॅम प्रति किलो, दिवस १, ३, ५, ७, ९ आणि ११) आणि सोबत मिल्टेफोसिन रोज १०० मिलिग्रॅम, १४ दिवस. पूर्व आफ्रिकेत मिल्टेफोसिन २८ दिवस. एचआयव्ही नसलेल्यांसाठीचा १० मिलिग्रॅम प्रति किलोचा एकच डोस इथे पुरा पडत नाही. अंतिम डोस आपल्या देशाच्या चालू मार्गदर्शनानुसार आणि अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरवा.

सुरू करण्याआधी:

- लिपोसोमल अँफोटेरिसिन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळा. सलाइनमध्ये घातलं की साका बसतो. आधीची नळी सलाइनची असेल तर ती डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या.
- क्रिएटिनिन आणि पोटॅशियम उपचार चालू असताना पुन्हापुन्हा. मूत्रपिंडरोपण झालेला रुग्ण टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनवर असतो. दोन्हींचा भार एकाच मूत्रपिंडावर येतो, म्हणून रोपण करणाऱ्या टीमशी आधी बोला.
- गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला मिल्टेफोसिन देण्याआधी गर्भतपासणी. उपचाराच्या काळात आणि नंतर पाच महिने भरवशाचं गर्भनिरोधक. उलट्या होत असतील तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका.
- मिल्टेफोसिन जेवणासोबत. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.
- अँटिमनीची इंजेक्शनं एचआयव्हीच्या रुग्णांत शक्यतो टाळा. स्वादुपिंड आणि हृदय दोन्हींवर बेततं.

एआरटी सुरू नसेल तर काळ्या आजाराचा उपचार सहन होऊ लागताच सुरू करा. रोपण किंवा संधिवाताच्या रुग्णांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती कमी करता येतील, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांसोबत बसूनच ठरवा.

## १०. एआरटीनंतर उठलेलं पुरळ

रुग्णाचा ताप गेला, वजन वाढलं, सीडी४ चढलं. आणि मग तो चेहऱ्यावर नव्या पुळ्या घेऊन येतो. ‘औषधाची अॅलर्जी’ असं लिहून एआरटी बंद होते. हे मी पाहिलंय, आणि त्याचं नुकसान पुळ्यांपेक्षा मोठं असतं.

प्रतिकारशक्ती परतते तेव्हा ती त्वचेत दडलेल्या परजीवीवर तुटून पडते आणि चट्टे त्यातूनही उठतात. पहिल्या टप्प्यातली कालरेषा बाहेर काढा. अॅलर्जीचं पुरळ बहुधा नव्या औषधानंतर लवकर, खाजरं, दोन्ही बाजूंना सारखं येतं. फोड, सोलणारी त्वचा, तोंडात जखमा असतील तर ती आणीबाणी समजून वागा. तसं नसेल तर एआरटी चालू ठेवून स्लाइड आणि पीसीआर पुन्हा करा. दाह जास्त असेल तर स्टेरॉइड लागू शकतं, पण परजीवीवरचं औषध चालू असतानाच आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

## ११. पाठपुरावा

गाठी आणि पुळ्या आधी बसतात. फिकट डागांत रंग भरायला कित्येक महिने, कधी वर्षभर लागतं. उपचार संपल्यावर महिन्याभराने डाग दिसतोय म्हणून ‘औषध लागू पडलं नाही’ असं ठरवू नका. पहिल्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवा. नवी गाठ, पुन्हा ताप, पुन्हा उतरलेलं हिमोग्लोबिन या मात्र धोक्याच्या खुणा आहेत आणि त्या दिसल्या की अस्थिमज्जेपासून पुन्हा सुरुवात.

एचआयव्हीच्या रुग्णांत आजार उलटणं नेहमीचं आहे. म्हणून पहिल्या उपचारानंतरही दर तीन-चार आठवड्यांनी प्रतिबंधक डोस दिला जातो, आणि सीडी४ २०० च्या वर जाऊन साधारण सहा महिने तिथे टिकल्यावर तो थांबवण्याचा विचार होतो.

वाळूमाशी असलेल्या भागात रुग्ण परतणार असेल तर मच्छरदाणी आणि फवारणीची सोय विचारा. चट्टे असोत वा गाठी, त्यांवर बसलेली माशी परजीवी पुढे नेऊ शकते. रक्तदान करायचं नाही, सुई कोणाशी वाटायची नाही. दक्षिण युरोपात सुया वाटून हा आजार पसरल्याचं दिसलेलं आहे.

डिस्चार्ज कार्डावर काळ्या आजाराचं वर्ष, औषध, एकूण डोस आणि शेवटचं सीडी४ ठळक अक्षरांत लिहा. पुढच्या वेळी हा रुग्ण कुठल्या तरी अनोळखी शहरात, अनोळखी डॉक्टरसमोर बसलेला असेल आणि त्याला एवढंच आठवत असेल की ‘पिवळी सलाइन लावली होती’.